मंद उजेडातली एचपी५ प्लस: जुना यशिका आणि १६०० वर पुश केलेला रोल

इलफर्डची एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेचे माप) कृष्णधवल फिल्म १६०० ची समजून वापरायची, म्हणजे ‘पुश’ करायची, ती मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये धुवायची आणि छायाचित्रे यशिका मॅट-१२४जी या दोन भिंगांच्या जुन्या कॅमेऱ्यावर काढायची, हा या परीक्षणाचा विषय आहे. फिल्म, रसायन आणि कॅमेरा या तिन्हींचे परीक्षण एकत्र करण्याचे कारण असे की, पुश केलेल्या रोलवर जे काही दिसते त्यातले किती फिल्ममुळे, किती रसायनामुळे आणि किती लेन्समुळे, हे वेगवेगळे पाहिल्यास कळतच नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. दिव्याच्या उजेडात, फ्लॅशशिवाय आणि हातात कॅमेरा धरून काम करणाऱ्याला आज मिळणाऱ्या पर्यायांत ही जुळणी अतिशय विश्वासाची आहे; मात्र जे दृश्य आपल्यातल्या सावल्या गमावूनही उभे राहू शकते, अशाच दृश्यासाठी ती वापरावी.

पुश करणे म्हणजे फिल्मची संवेदनशीलता वाढवणे, असा समज सर्रास आढळतो आणि निराशेची सुरुवातही तिथेच होते. ४०० ची फिल्म १६०० समजून वापरली की तिच्यावर दोन स्टॉप, म्हणजे चौपट कमी उजेड पडतो. डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून आपण ही तूट भरून काढू पाहतो, पण वेळ वाढल्याचा फायदा निगेटिव्हच्या सर्व भागांना सारखा होत नाही. जिथे उजेड भरपूर पोचला आहे तिथे चांदीची घनता भराभर वाढते, मध्यम छटा बऱ्यापैकी वर येतात आणि जिथे उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपरला काम करण्यासारखे काही उरलेले नसते. परिणामी चेहरा, पांढरे धोतर, दिव्याची ज्योत यांच्या छटा आपल्या जागी येतात, तर खांबामागचा अंधार कोऱ्या फिल्मइतका पारदर्शक राहतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्या भागांतला फरक, वाढतो, ग्रेन, म्हणजे चित्रातला कणीदारपणा, वाढतो आणि सावल्यांमधला तपशील जातो. पुशचा हा व्यवहार कोणत्याही फिल्मला चुकत नाही. एखादी फिल्म तो किती सौम्यपणे करते, एवढाच काय तो फरक असतो.

एचपी५ प्लस हा व्यवहार बऱ्याच सौम्यपणे करते, याचे कारण तिच्या मूळ स्वभावात आहे. एचपी५ ही फिल्म १९७६ मध्ये आणि तिची आजची सुधारित आवृत्ती, म्हणजे एचपी५ प्लस, १९८९ मध्ये बाजारात आली. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात मॉबर्ली येथील कारखान्यात ती तयार होते. २००५ पासून हा कारखाना हार्मन टेक्नॉलॉजी या कंपनीकडे आहे. सामान्य पद्धतीने धुतली तर ही फिल्म थोडी मवाळ, राखाडी छटांकडे झुकलेली दिसते. भर उन्हात काढलेल्या चित्रांत काहींना हा दोष वाटतो आणि तो त्यांचा आक्षेप मला रास्तही वाटतो. परंतु पुश करताना हाच मवाळपणा कामी येतो, कारण वाढीव वेळेमुळे येणारा कॉन्ट्रास्ट सामावून घ्यायला तिच्यात जागा शिल्लक असते. कोडॅकची ट्राय-एक्स हिच्या बरोबरीची नामांकित फिल्म आहे आणि तिची काळी छटा अधिक दमदार असते. पण दोन स्टॉप पुश केल्यावर ती लवकर कडक होते आणि दिव्याजवळचे भाग हाताबाहेर जातात, असे माझे निरीक्षण आहे. स्वतः इलफर्ड कंपनी एचपी५ प्लस ४०० पासून ३२०० पर्यंत वापरता येईल असे सांगते आणि त्या प्रत्येक टप्प्याच्या वेळा प्रसिद्ध करते, त्यामुळे नवख्या माणसालाही अंधारात चाचपडावे लागत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळू. यशिका मॅट-१२४जी १९७० ते १९८६ या काळात तयार होत होता आणि महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांच्या स्टुडिओंनी यशिकाचे १२० या रुंद रोल फिल्मचे कॅमेरे लग्नाकार्यांत वर्षानुवर्षे वापरले असल्यामुळे ते आजही जुन्या बाजारात दिसतात. त्याची चित्र घेणारी लेन्स ८० मिलिमीटरची, चार घटकांची यशिनॉन असून तिचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ ३.५ आहे. दिवसा हे पुरेसे आहे, पण रात्रीच्या घरात किंवा देवळाच्या सभामंडपात ते अपुरे पडते. सभामंडपात समया, निरांजने आणि एखादी ट्यूबलाइट असेल तर १६०० ला एफ ३.५ वर १/३० सेकंद मिळतो. त्याच उजेडात ४०० ला १/८ सेकंद ठेवावा लागला असता आणि टाळ वाजवणाऱ्या माणसाचे हात १/८ सेकंदात स्थिर येत नाहीत. पुश करण्याची गरज इथे खरी आहे, ती केवळ ग्रेनच्या हौसेपोटी नाही.

१/३० सेकंद हातात धरून मिळवणे या कॅमेऱ्यात फारसे अवघड जात नाही. एका लेन्सच्या एसएलआर कॅमेऱ्यासारखा आरसा त्यात उडत नाही, शटर लेन्सच्या आत बसवलेले असल्यामुळे धक्का जवळजवळ बसत नाही आणि कॅमेरा गळ्यातल्या पट्ट्याला ताण देऊन छातीशी धरता येतो. शटरचा आवाज इतका हळू असतो की कीर्तनात बुवांच्या समोर बसूनही कोणाचे लक्ष विचलित होत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/३० सेकंदात असे तीन हेलकावे बसतात आणि एक्स्पोजर एकसारखे येते, तर १/२५० वर दोन लागोपाठच्या चित्रांतही फरक पडू शकतो.

कॅमेऱ्याच्या आतल्या मीटरवर मात्र या कामासाठी विसंबू नये. त्याची एएसए (आयएसओचेच जुने नाव) तबकडी ४०० लाच संपते, म्हणजे १६०० ची वाचने घेण्यासाठी ४०० चे वाचन घेऊन दोन स्टॉप आपणच वजा करावे लागतात. शिवाय तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे आणि ते सेल आता मिळत नाहीत. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर वाचन चुकते; श्रवणयंत्रात वापरले जाणारे १.४ व्होल्टचे झिंक-एअर सेल त्यातल्या त्यात जवळचे आहेत. मंद उजेडात या मीटरची सुई जागची हलत नाही ती नाहीच. हातातला स्वतंत्र मीटर, नाहीतर मोबाइलमधले मीटरचे अ‍ॅप, या कामाला अधिक चांगले. वाचन चेहऱ्यावरून घ्यावे आणि जे येईल ते तसेच ठेवावे. सावळ्या त्वचेचे वाचन जसेच्या तसे पाळले की चेहऱ्याला प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त उजेड मिळतो आणि पुश केलेल्या फिल्मला हा दानधर्म नेहमी मानवतो. संपूर्ण मंडपाचे सरासरी वाचन घेतले आणि चौकटीत दिवा असला, तर मीटर दिव्याला भुलतो आणि आधीच उपाशी असलेल्या सावल्यांच्या तोंडचा घास जातो.

कार्तिकातल्या पहाटे काकडआरतीला काढलेल्या एका निगेटिव्हचे वर्णन येथे देतो, कारण या जुळणीचे गुण आणि मर्यादा दोन्ही त्यात एकत्र दिसतात. लाइट टेबलवर ठेवून भिंगातून पाहिले तर पुजाऱ्याच्या हातातल्या पंचारतीच्या पाच ज्योती दाट काळ्या ठिपक्यांसारख्या आहेत, तरीही त्यांच्या कडा वेगवेगळ्या ओळखू येतात. तबक धरलेली बोटे, मनगटावरचा दोरा आणि आरतीच्या उजेडात आलेला गालाचा अर्धा भाग यांच्या छटा भरलेल्या आहेत. गालावरच्या दाढीचे खुंटही सुटे दिसतात. त्याच्या डाव्या हाताला उभ्या असलेल्या वीणेकऱ्याचे पागोटे आहे, पण पागोट्याखालचे डोळे जेमतेम आहेत. आणि गाभाऱ्याची भिंत, जिच्यावरचे कोरीवकाम उघड्या डोळ्यांना व्यवस्थित दिसत होते, ती निगेटिव्हवर नाहीच. तिथे नुसती स्वच्छ फिल्म आहे. प्रिंटमध्ये हा काळा भाग चित्राला शोभतो, कारण चित्र आरतीचे आहे. तेच चित्र कोरीवकामाचे असते तर तिपाई लावून ४०० लाच काढायला हवे होते.

ग्रेनविषयी. ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकट ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या सुमारे साडेतीनपट क्षेत्रफळाची असते, त्यामुळे तेवढ्याच आकाराची प्रिंट करताना ग्रेन बराच कमी फुगतो. याच फिल्मचा ३५ मिलिमीटरचा रोल १६०० ला पुश करून दहा इंची प्रिंट केली तर ग्रेन चेहऱ्यावर वाळूसारखा दिसतो. १२० मध्ये तो दिसतो पण बोचत नाही. ज्यांना पुश केलेल्या फिल्मचा खडबडीतपणा आवडतो त्यांनी ३५ मिलिमीटरच वापरावी. मला चेहऱ्याच्या छटा हव्या असतात, म्हणून मी १२० कडे वळलो. जुन्या लेन्सचाही येथे वाटा आहे. यशिनॉनवरचे आवरण आजच्या लेन्सच्या मानाने साधे असल्यामुळे तिचा मूळ कॉन्ट्रास्ट सौम्य आहे आणि एफ ३.५ वर कोपरे मऊ पडतात. एखाद्या अत्याधुनिक लेन्सवर काढलेला पुश केलेला रोल जितका कर्कश वाटतो तितका यशिकावरचा वाटत नाही, याचे श्रेय निम्मे फिल्मला आणि निम्मे लेन्सला द्यावे लागेल.

रसायनाचा भाग जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण आपल्या हवामानात तो पुस्तकातल्यापेक्षा वेगळा वागतो. मायक्रोफेन हा भुकटीच्या रूपात मिळणारा, फेनिडोन आणि हायड्रोक्विनोनवर आधारलेला डेव्हलपर असून फिल्मचा वेग थोडा वाढवण्यासाठीच तो बनवला आहे. सावल्यांत तो आयडी-११ या इलफर्डच्याच दुसऱ्या डेव्हलपरपेक्षा किंचित जास्त तपशील देतो. न पातळ करता, २० अंश सेल्सिअसला, एचपी५ प्लससाठी इलफर्डने दिलेल्या त्याच्या वेळा अशा आहेत: ४०० ला साडेसहा मिनिटे, ८०० ला ८, १६०० ला ११ आणि ३२०० ला १६. आयडी-११ मध्ये १६०० साठी १४ मिनिटे लागतात. टाकी पहिली दहा सेकंद चार वेळा उलटीपालटी करायची आणि पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला तेच करायचे. त्याहून जास्त हलवली तर दिव्याजवळचे भाग अधिक दाट होतात आणि कॉन्ट्रास्ट विनाकारण चढतो, त्यामुळे पुश करताना हाताला आवर घालणे फार महत्त्वाचे.

नळाचे पाणी मात्र मुंबई-पुण्यात वर्षातले बरेच महिने २० अंशांच्या वरच असते. तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण दहा टक्के कमी करावा लागतो. २४ अंशांना साडेसहा मिनिटांची सामान्य वेळ जेमतेम सव्वाचार मिनिटांवर येते आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्म सगळीकडे एकसारखी धुतली जाईल याची खात्री राहत नाही. आकाशात किंवा मोकळ्या भिंतीवर डागासारखे पट्टे उमटतात. १६०० ची ११ मिनिटे मात्र २४ अंशांना सात-साडेसात मिनिटे होतात, म्हणजे सुरक्षित मर्यादेत राहतात. उकाड्यात पुश करणे हे सामान्य धुण्यापेक्षा सोपे जाते, ही बाब थंड देशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. बर्फाच्या पाण्याची बादली करून तापमान २० वर आणता येते, पण मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण), हायपो (प्रतिमा पक्की करणारे द्रावण) आणि शेवटचे पाणी हेही त्याच्या जवळपासच्या तापमानाचे ठेवावे लागते. नाहीतर अचानक बदलाने इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला, इजा होते. सगळी द्रावणे २४ अंशांवर आणून वेळ कमी करणे हा मार्ग मला जास्त निर्धोक वाटतो.

शेवटच्या धुण्यासाठी इलफर्डने सुचवलेली पद्धत पाणीटंचाईच्या भागांत राहणाऱ्यांनी आवर्जून वापरावी. टाकी पाण्याने भरायची, पाच वेळा उलटवायची आणि पाणी ओतून द्यायचे. दुसऱ्या पाण्यात दहा वेळा, तिसऱ्यात वीस वेळा. नळ अर्धा तास वाहता ठेवण्याची गरज राहत नाही. कोकणात पावसाळ्यात आणखी एक अडचण येते: चेंजिंग बॅगमध्ये (फिल्म भरायच्या प्रकाशबंद पिशवीत) हाताला घाम सुटतो, प्लास्टिकचे रीळ दमट होते आणि १२० ची रुंद, पातळ फिल्म मध्येच अडकून बसते. रीळ आधी पूर्ण कोरडे करून घेणे आणि शक्य असेल तर बॅगऐवजी अंधाऱ्या खोलीत, पंखा लावून रोल भरणे, हे त्यावरचे उपाय आहेत.

मायक्रोफेन आपल्याकडे नेहमी मिळतोच असे नाही. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडल्यापासून आणि तिथली इंदू फिल्म गेल्यापासून कृष्णधवल रोल म्हणजे आयात माल, हे समीकरण ठरून गेले आहे आणि रसायनांचीही थोडीफार तीच गत आहे. आयात थांबली की काही महिने काहीच मिळत नाही. अशा वेळी डी-७६ हा डेव्हलपर घरी बनवता येतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते: एक लिटर द्रावणासाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. याच सूत्राचा इलफर्डचा डेव्हलपर म्हणजे आयडी-११, म्हणून १६०० साठी २० अंशांना १४ मिनिटे हा आरंभबिंदू धरता येतो. सावल्या मायक्रोफेनपेक्षा थोड्या कमी आणि ग्रेन जवळपास तेवढाच, असा त्याचा निकाल आहे. रसायने विकणाऱ्या दुकानांत हे घटक सुटे मिळतात. वजनासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा, आणि हातमोजे घालावेत, कारण मेटॉलने अनेकांच्या त्वचेला पुरळ येते.

रोल स्वतः न धुता प्रयोगशाळेत देणाऱ्यांनी ‘पुश दोन स्टॉप’ अशी सूचना लेखी द्यावी आणि डेव्हलपर कोणता वापरतात ते विचारावे. अनेक ठिकाणी सगळे रोल एकाच टाकीत एकाच वेळेला धुतले जातात. तसे झाले तर १६०० ला काढलेली फिल्म फिकट येते आणि पुशची संधी हातची गेलेली असते.

३२०० पर्यंत जावे का? सोळा मिनिटे धुतल्यावर काहीतरी निश्चित येते आणि रंगमंचावरच्या प्रखर, एकाच दिशेच्या प्रकाशात ते वापरण्याजोगेही असते. पण साध्या दिव्याच्या उजेडात चेहऱ्याची सावलीकडची बाजू पूर्ण नाहीशी होते. तितक्या अंधारासाठी इलफर्डचीच डेल्टा ३२०० अधिक योग्य आहे. नावात ३२०० असले तरी तिची प्रत्यक्ष आयएसओ १००० आहे, म्हणजे तिलाही पावणेदोन स्टॉपचा पुश द्यावाच लागतो. तरी एचपी५ प्लसपेक्षा ती सव्वा स्टॉपहून थोडी पुढून सुरुवात करते आणि सावल्यांत तेवढे जास्त देते. तिचा ग्रेन मात्र ठसठशीत आहे आणि किंमतही जास्त पडते. १६०० पर्यंत एचपी५ प्लस, त्यापुढे डेल्टा, अशी विभागणी मी मानतो. आणि जिथे ८०० वर भागत असेल तिथे ८०० च ठेवावे. एका स्टॉपच्या पुशमध्ये सावल्या इतक्या बऱ्या राहतात की १६०० ची सवय लावून घेण्यात काही अर्थ नाही.

या कामासाठी जुना यशिका घेणार असाल, तर मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या ठिकाणी कॅमेरा हातात घेऊनच व्यवहार करावा. मागचे झाकण उघडून, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहणाऱ्या वेगावर) धरून, लेन्समधून मोबाइलची टॉर्च आरपार पाहावी, आपल्या दमट हवेत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे हमखास सापडतात आणि दिवा चौकटीत आला की हे धागे प्रकाश विखरून टाकतात. पुश करणाऱ्याच्या चौकटीत दिवा नेहमीच असतो. एक सेकंद आणि अर्धा सेकंद हे वेग लावून शटर अडकत नाही ना ते ऐकावे. १/३० थोडा सावकाश चालत असेल तर त्याची चिंता नको. जास्तीचा उजेड या फिल्मला हवाच असतो. चित्र मोठे करून दाखवणारे भिंग हुडमध्ये, म्हणजे वरच्या उघडणाऱ्या झाकणीत, नीट उघडते का, हे विशेष पाहावे, कारण पाहण्याची लेन्स एफ २.८ ची असली तरी सभामंडपाच्या उजेडात फोकस करायची काच अंधूकच दिसते आणि त्या भिंगाशिवाय फोकस साधत नाही.

राहिली साठवण. न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवावेत आणि वापरण्यापूर्वी काही तास बाहेर काढून, वेष्टन न फोडता, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. काढून झालेला रोल मात्र ठेवून देऊ नये; कमी उजेडाने उमटलेली सुप्त प्रतिमा उष्णतेत आणखी क्षीण होते आणि पुश केलेल्या रोलकडे गमावण्यासारखे फारसे काही शिल्लक नसते. १२० च्या रोलला शेवटी चिकटवायची जी कागदी पट्टी असते, तिच्यावर तिथल्या तिथे ‘१६००’ लिहून टाकावे.